घोडेस्वारीची परीक्षा घेणाऱ्यांना मार्क कोण देणार? (नाशिक)

गोदाकाठची_आई
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी लेक अकरा वर्षांची, गेली अडीच वर्षं गंगापूर रोडच्या पुढे एका क्लबात घोडेस्वारी शिकतेय (क्लबाचं नाव देणार नाही, खासगी निरोपातही विचारू नका). तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षा असतात आणि परीक्षक बाहेरगावाहून येतात. जानेवारीत तिची दुसरी पायरी होती, ती राहिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, परत येताना गाडीत ती रडली आणि मी पण जरा... असो. धागा त्याबद्दल नाही.

त्या दिवशी दोन एरिनात (रिंगणांत) दोन परीक्षक होते. इकडे एक रिटायर्ड सर, एकदम कडक, आणि तिकडे एक मॅडम, बोलायला गोड. दोघांकडे सात-सात मुलं. लेक सरांकडे. सकाळचे साडेसात, थंडी इतकी की घोड्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. लेकीने खोगीर चढवलं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, सर आले, तंगाखाली चार बोटं घातली, हात काढला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. एक शब्द नाही. मग म्हणाले "तयार?" ही म्हणाली "हो सर". परत लिहिलं. मी कुंपणाबाहेर, मला वाटलं शाबासकी लिहिताहेत.

निकालाच्या कागदावर काय, तर "स्वार होण्याआधी व नंतर तंग पुन्हा तपासला नाही" आणि खाली "दुडकीत डायगोनल दोनदा चुकीचा, सूचना देऊनही दुरुस्ती नाही". पहिलं मान्य. (डायगोनल म्हणजे दुडकीत घोड्याच्या कुठल्या पायांच्या जोडीला उठायचं ते.) पण सूचना कधी दिली? लेक म्हणते डायगोनलबद्दल सर काही बोललेच नाहीत. आणि पलीकडे मॅडमच्या सातही पोरांना प्रत्येक गोष्टीत सहा, खरारा सहा, बसणं सहा, कँटर (दुडकीच्या वरची वेगाची चाल) सहा, सगळी पास. मॅडम अर्धा वेळ फोनवर होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आणि मग निकाल भिंतीवर लावल्यावर अर्ध्या तासाने क्लबने आम्हा पालकांच्या हातात एक फॉर्म दिला, "परीक्षकांचं मूल्यमापन करा", पाच स्टार. मी सरांना एक स्टार देणार होते, पेन टेकवलं सुद्धा होतं. मग वाटलं अगं तू मार्क कशाला देतेयस, सरांनी परीक्षा कशी घेतली त्याला की लेकीच्या निकालाला? कोरा फॉर्म पर्समध्ये घालून घरी आणला, अजून फ्रीजवर चुंबकाखाली आहे. क्लबवाले म्हणतात पद्धत बदलायची तर तुम्हीच सुचवा. तर सुचवा.

कॉलेजरोडकर
घोडं तिथेच पेंड खातंय की. फॉर्म निकालानंतर दिला ना, झालं. पास झालेल्यांचे पाच स्टार, राहिलेल्यांचा एक, सरासरी तीन. त्यापेक्षा त्या कागदात चिवडा बांधून द्या.

माजी_दफेदार
ताई, राग मानू नका. फौजेत घोड्यांवर बावीस वर्षं काढली आहेत म्हणून बोलतो. परीक्षक लोकांना आवडायलाच पाहिजे असं काही नाही. स्टार मोजून परीक्षक बोलवायला लागलात तर पुढल्या वर्षी सगळीकडे गोड मॅडमच येतील. पोरं खूश, पालक खूश, आणि पाय मोडणार एखाद्याचा.

तंगाचं सांगतो. घोडा बिलंदर जनावर. तंग आवळताना पोट फुगवून उभा राहतो. चार पावलं चालवला की पोट खाली आणि तंग दोन भोकं सैल. मग खोगीर फिरतं आणि पोर घोड्याच्या पोटाखाली. म्हणून चढण्याआधी बघायचा, आणि चढून थोडं चालवल्यावर परत बघायचा. सर गप्प राहिले ते बरोबर. सांगितलं असतं तर ती परीक्षा कसली, शिकवणी झाली.

पण सूचना दिली नसेल आणि "सूचना देऊनही" लिहिलं असेल तर ते चूक. कागदावर खोटं नको.

गोदाकाठची_आई
काका, राग नाही. पण एक विचारते, तंग इतका ढिला होता की चार बोटं सहज गेली, मग त्यावर तिला चढू कसं दिलं? गप्प बसून लिहायचं आणि गप्प बसून पडू द्यायचं यात फरक आहे ना?

माजी_दफेदार
आहे. हा प्रश्न बरोबर विचारलात. बोटं आत जाणं एक आणि चारही सैलसर जाणं वेगळं. मी असतो तर "उतर, आवळ, परत ये" म्हटलं असतं आणि मार्क कापला असता. तुमच्या फॉर्मात हे जरूर घाला. परीक्षकाने धोका दिसल्यावर थांबवलं का. बाकी सगळं नंतर.

फळा_आणि_खडू
घोड्यावर मी फक्त आमच्या ह्यांना लग्नात बसलेलं पाहिलंय आणि तेव्हाही घोडी घाबरली होती. पण पेपर तपासण्यात वीस वर्षं गेली, तेवढ्यावर बोलते.

सगळ्यांना सहा हे वाचून मला सरांपेक्षा मॅडमची जास्त काळजी वाटली. सात मुलं, प्रत्येकाची उंची वेगळी, घोडा वेगळा, आणि सगळ्यांचं सगळं सारखं? म्हणजे बघितलंच नाही. दहावीच्या पेपरला आमच्यावर मॉडरेटर असतो, तो गठ्ठ्यातले काही पेपर पुन्हा बघतो, आणि एखाद्याचे मार्क सगळे एकाच ओळीत आले की तिथेच थांबतो. नापास झालेल्याचे पालक भांडायला येतात म्हणून कडक परीक्षक लगेच दिसतो. फुकट पास करणाऱ्याविरुद्ध कोण तक्रार करणार हो? तो कुठल्याच फॉर्ममध्ये सापडत नाही, त्याचे मार्कच वाचावे लागतात.

दुसरं म्हणजे क्रम. एका हुशार मुलीच्या लगेच नंतर मध्यम मुलगा आला की तो उगाच कमी वाटतो, हे आम्हाला तोंडी परीक्षेत रोज होतं. जेवणाआधीच्या शेवटच्या पोराचं तर विचारूच नका. आम्ही काय करतो, पहिली दोन मुलं दोघी परीक्षक एकत्र बघतो, न बोलता आपापले मार्क लिहितो, मग कागद शेजारी ठेवतो. तिचे सात माझे चार असतील तर तिथेच बोलून घेतो की आपण नक्की काय बघतोय. मग वेगवेगळ्या वर्गात जातो. तुमच्या क्लबला यासाठी एक रुपया लागणार नाही, अर्धा तास लागेल.

दूरदेशी_नाशिककर
सध्या इंग्लंडात, मूळ पंचवटी. इथे मुलं पोनी क्लबला (मुलांना घोडेस्वारी शिकवणारी संस्था) जातात म्हणून थोडी माहिती. ब्रिटनचा पोनी क्लब १९२९ सालचा, अमेरिकेतला १९५४ चा. दोन्हीकडे पायऱ्यांना इंग्रजी अक्षरं, ए सगळ्यात वरची. खालच्या पायऱ्या आपापल्या शाखेत होतात, वर गेलं की बाहेरचे परीक्षक. आणि नुसतं बसता येणं पुरत नाही, तबेला, खुरं, चारापाणी, आजारपण सगळं विचारतात.

अमेरिकेत वरच्या परीक्षांना उमेदवारच परीक्षकांबद्दल लेखी मत देतात. मुद्दा हा की मत मुलांचं, आईबापांचं नाही. इथे तर कुंपणाबाहेरून आवाज जरी दिला तरी लोक असं बघतात की पुढच्या वेळी तुम्ही गाडीतच बसून राहाल. (अनुभव.)

कॉलेजरोडकर
म्हणजे आपल्याकडे कुंपणाबाहेरून "टाचा खाली बेटा, टाचा खाली" ओरडणारे बाबा तिकडे चालणार नाहीत? वाईट झालं, मी तिकिटं बघत होतो.

ट्रॉटवाला_१७
मी बारावीत आहे, सहा वर्षं रायडिंग करतोय आणि आतापर्यंत पाच परीक्षक बघितलेत त्यामुळे मला वाटतं माझं मत चालेल.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी डायगोनल. ट्रॉटमध्ये म्हणजे दुडकीत घोडा तिरके पाय जोडीने टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग उलट. स्वार एका जोडीला उठतो दुसऱ्या जोडीला बसतो. गोल फिरताना बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. चुकलं तर दोन ठोके बसून राहायचं की आपोआप बदलतं. दिशा बदलली की डायगोनल पण बदलायचा. सोपं वाटतं पण लहान मुलं खाली खांद्याकडे बघायला लागतात आणि मग खाली बघतोस म्हणून मार्क जातात, दोन्हीकडून मार 😅

माझा बेस्ट परीक्षक म्हणजे एक सर जे आल्या आल्या सगळ्यांना गोल उभं करून म्हणाले की मी मध्ये बोलणार नाही, मी गप्प आहे म्हणजे तुम्ही चुकलात असं नाही, ऐकू आलं नाही तर हात वर करा, आणि एक गोष्ट प्रत्येकाला परत करायला मिळेल कुठली ते तुम्ही निवडा. बस. एका मिनिटात सगळ्यांची भीती गेली. त्यांनी मला राहिलेलाच ठेवलं होतं पण मी त्यांना दहापैकी दहा देईन. नंतर पंधरा मिनिटं माझ्याशी बोलले, कँटरला लीड (कुठला पुढचा पाय जास्त पुढे पडतो ते) चुकीचा येतो कारण मी वळणाच्या आधी आतल्या खांद्यावर झुकतो, हे तोपर्यंत मला कोणीच सांगितलं नव्हतं.

वर्स्ट म्हणजे एकांनी विचारलं नाडी कुठे बघशील, मी म्हटलं जबड्याच्या खाली आतल्या बाजूला, विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४. ते म्हणाले आकडा चूक, ३६ ते ४२. म्हणजे त्यांच्या पुस्तकात तेवढंच होतं. घोडा मध्येच उभा होता, मी म्हटलं सर मोजून दाखवू का, तर म्हणाले वेळ नाही. परीक्षा पुस्तकाची होती की घोड्याची??

माजी_दफेदार
शाब्बास. हात लावून मोजतो म्हणणाऱ्या पोराला मी पूर्ण मार्क दिले असते.

स्पष्टवक्ता_नाशिक
सगळं छान आहे पण निनावी फॉर्म वगैरे नाशिकमध्ये विसरा. सात मुलं. त्यात डावखुरं एकच, जांभळ्या पेनने लिहिणारी एकच. कागद बघून कोणीही नाव सांगेल. आणि तेच परीक्षक पुढच्या वर्षी पुन्हा येणार, घोड्यांची दुनिया लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण आईबाप खरं लिहू देतील?

फळा_आणि_खडू
मग लिहायलाच लावू नका. क्लबाशी संबंध नसलेल्या कोणीतरी मोठ्या माणसाने मुलांना एकेक करून बाजूला घेऊन चार प्रश्न विचारायचे आणि स्वतः टिपून घ्यायचे, एकाच पेनने एकाच अक्षरात. आणि एका वर्षाचं काही परीक्षकाला कळवायचंच नाही, दोन-तीन परीक्षांचं एकत्र करून द्यायचं. तोवर जांभळं पेन विसरतात लोक.

तबेल्यामागचा
आमचे आजोबा नाशिकरोड टेसनावर टांगा चालवायचे, वडील तबेल्यात मोतद्दार (घोड्यांची निगा राखनारे), मी पण घोड्यातच आहे. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमी परीक्षकाला मार्क द्यायची एवढी चर्चा केली पण आमाला कोणी विचारलं का. परीक्षेच्या दिवशी पहाटे चारला उठून घोडी आमी तयार करतो, दिवसभर रिंगणाच्या कडेला आमीच उभे. परीक्षक कसाय ते आमाला पहिल्या दोन मिनिटात कळतं. गाडीतून उतरून तो आधी खुर्चीकडं जातो का घोड्याकडं जातो. घोड्याकडं गेला तर खांद्याकडनं जातो का थेट तोंडाफुडं जाऊन उभा राहतो. घोड्याला नीट समोरचं दिसत नाही नाकाजवळचं, थेट गेलं की तो मान वर टाकतो. अशा मानसाने पोरांना "घोड्याजवळ कसं जावं" विचारलं की आमाला हसू येतं.

आनि एक सांगतो. मागं एका परीक्षेत एक बाई आल्या होत्या, त्यांनी तिसऱ्या पोराच्या वेळी हात वर करून सगळं थांबवलं. म्हनल्या घोडं पायावर दाबतंय. आमाला बी दिसलं नव्हतं. त्यांनी खाली उतरवून हातात धरून दुडकी पळवलं, तर बरोबर, पुढचा उजवा पाय टेकला की मान वर जात होती. मान वर जाते तो पाय दुखतो, हे ध्यानात ठेवा. नालेत खडा निघाला, एवढुसा. दुसरं घोडं येईस्तोवर तासभर गेला, आईबाप लोक तोंडं वाकडी करून बसले, एकाची म्हने मुंबईची गाडी चुकली. मी म्हनतो त्या बाईला शंभरापैकी शंभर द्या. त्या दिवशी कोणी दिले असते का?

गोदाकाठची_आई
दादा, चूक कसली, इथे आतापर्यंत सगळ्यात कामाचं तुम्हीच लिहिलंय. मोतद्दारांना विचारायचं हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, लाज वाटली वाचून.

स्पष्टवक्ता_नाशिक
+१. हे वाचून मी पण माझी गाडी चुकवायला तयार आहे.

सराफबाजार
अवांतर: आमचा मुलगा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून घोड्यावर बसतो, हेल्मेट नको म्हणतो कारण फोटो. परीक्षकांनी यावर काही विचारावं अशी नम्र विनंती. धागा चालू द्या.

माजी_दफेदार
फेट्याच्या आत हेल्मेट बसवा. मापाचा कापडवाला भेटेल मेनरोडला.

दूरदेशी_नाशिककर
एक अजून. मोठ्या स्पर्धांतही पंचांवर लक्ष असतंच. ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याची स्पर्धा) प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा मार्क, अर्धासुद्धा देता येतो, आणि प्रत्येक आकड्याला ठरलेला अर्थ आहे. पाच म्हणजे जेमतेम, सहा समाधानकारक, सात बऱ्यापैकी चांगलं, चार अपुरं. म्हणजे "सगळ्यांना सहा" म्हणजे मॅडमनी सगळ्यांना "ठीक आहे" म्हटलं, बाकी काही नाही. पंच वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि प्रत्येकाचे मार्क निकालात वेगळे छापले जातात, त्यामुळे एखादा एकटाच फार वर किंवा फार खाली गेला तर जगाला दिसतं. २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज टीमला सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, तेव्हा आम्ही इथे बसून पंचागणिक आकडे वाचत होतो, क्रिकेटच्या स्कोअरकार्डासारखे. तुमच्या क्लबनेही दोघांचे आकडे शेजारी शेजारी भिंतीवर लावावेत.

कॉलेजरोडकर
क्लबात भांडणं लावायचा उत्तम उपाय. मी सहमत आहे.

गोदाकाठची_आई
अपडेट. आणि मी थोडी तोंडावर पडलेय त्यामुळे हसायचं असेल तर हसून घ्या.

काल नवऱ्याच्या मोबाईलमधला व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला. कुंपणाबाहेरून काढलेला, त्यात मागे शेतातला ट्रॅक्टर सुरू, पण कान देऊन ऐकलं तर सर लांबच्या कोपऱ्यातून चक्क ओरडलेत. "चेंज!" म्हणून. एकच शब्द. म्हणजे सूचना दिली होती. मी लेकीला म्हटलं बघ, दिली होती की. ती म्हणाली "आई ते डायगोनलचं नव्हतं, आमच्याकडे चेंज म्हणजे दिशा बदला". आणि व्हिडिओत तिने खरंच तेच केलंय, एरिनाच्या मधून तिरकी गेली, दिशा बदलली, आणि शिकवल्याप्रमाणे दोन ठोके बसून डायगोनलही बदलला. आता गंमत बघा, आधी चुकीच्या डायगोनलवर होती, दिशा बदलल्यावर तोच बरोबर झाला असता, पण हिने नियमाने बदलला म्हणून परत चुकीचा. सरांनी लिहिलं "दोनदा चुकीचा, सूचना देऊनही". त्यांचा शब्द न शब्द खरा आहे. आणि लेकीचाही.

ट्रॉटवाला_१७
ओ माय गॉड हे माझ्या बाबतीत झालंय!! आमच्याकडे "चेंज रेन" म्हणतात दिशेला आणि काही जण नुसतं चेंज. डायगोनलला आमचे सर "बदल" म्हणतात. प्रत्येक क्लबची भाषाच वेगळी यार.

माजी_दफेदार
सरांनी बघितलं पाहिजे होतं की पोरगी दिशा का बदलतेय. मी सांगितलं एक आणि ती करते दुसरं, म्हणजे माझा शब्द पोचला नाही. तिथे एकदा "डायगोनल बदल" म्हणायला किती वेळ लागतो. कडकपणाशी याचा संबंध नाही. काल मी त्यांची बाजू घेतली, आज अर्धी परत घेतो.

फळा_आणि_खडू
आता बघा, पाच स्टारच्या फॉर्ममध्ये हे कुठे पकडलं असतं? "परीक्षकांची वागणूक", "परीक्षकांचं ज्ञान", असले रकाने असतात. सरांचं ज्ञान पक्कं, वागणूकही वाईट नाही. मुलांना विचारायचं ते असं की "सरांनी तुला मध्ये काय सांगितलं, आणि तू त्याचा अर्थ काय घेतलास?" एवढ्या एका प्रश्नाला सातातली तीन मुलं जरी "चेंज" म्हणाली असती तरी कळलं असतं.

गोदाकाठची_आई
हो ना. मग काल रात्री बसून तुम्हा सगळ्यांचं मिळून असं लिहून क्लबला पाठवलंय. पालकांचा फॉर्म बंद. मुलांना निकाल लागायच्या आधी, घोड्यावरून उतरल्यावर पाणीबिणी पिऊन झालं की, बाहेरच्या एका ताईंनी विचारायचं: सुरुवातीला काय काय बघणार ते सांगितलं का, मध्ये काय सांगितलं आणि तुला काय समजलं, काही परत करायला मिळालं का, भीती वाटली तर कधी. मोतद्दारांना वेगळं विचारायचं: घोड्याशी कसे वागले, थांबवायला पाहिजे तिथे थांबवलं का. पहिली दोन मुलं दोघा परीक्षकांनी मिळून बघायची, मार्क वेगळे लिहायचे. सकाळी परीक्षकांनी आणि क्लबच्या उस्तादांनी बसून हुकमाचे शब्द एक करून घ्यायचे. आणि परीक्षा चालू असताना फोन खिशात, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलंय.

क्लबवाले म्हणाले बघतो. सरांना मी व्हिडिओ पाठवला, जरा भीत भीतच. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. "माझा शब्द अपुरा होता. तंगाचा शेरा कायम राहील, आणि तिला उतरवायला हवं होतं हेही खरं." फेरपरीक्षा मार्चमध्ये आहे, लेक म्हणते सर तेच पाहिजेत.

कॉलेजरोडकर
आणि मॅडम?

गोदाकाठची_आई
मॅडमबद्दल कोणाचीच तक्रार नाही. तेच तर.

तबेल्यामागचा
ताई घोडी कोनती होती परीक्षेला?

गोदाकाठची_आई
काठेवाडी आहे, लालसर, कपाळावर चांदणी, कान आत वळलेले.

तबेल्यामागचा
मग वळखली मी. ती पोट फुगवतीच. मार्चला पोरीला सांगा, तंग आवळला की लगेच चढू नको, एक चक्कर हातात धरून चालव, मग दोन भोकं वर घे. बाकी घोडी सोन्यासारखी आहे.